मर्जानमधले बंद खिसे

रास मलाह, ९ जानेवारी २०२४

मामाआजोबा,

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन वाईट आहे, आठवीतनं शाळा सोडली. त्यात फोनची काच कोपऱ्यात फुटलीय, तिकडची अक्षरं तीन-तीनदा दाबावी लागतात. सकाळच्या चहाला लिहायला बसले, आता दुपारचं जेवण गार होतंय आणि मी अजून इथेच आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी उमैमा. तुमची बहीण मनूबिया, तिच्या नईमाची मुलगी. सतरा वर्षांची. आई सफाक्सला तेलाच्या गिरणीत कामाला असते, मी आजीकडेच वाढले. तुमचा पत्ता फतही न्हाव्याच्या मुलाने दिला. तो म्हणाला तुम्ही मार्सेयला पोहायच्या तलावावर असता आणि टोपी न घालता उतरणाऱ्यांवर ओरडता. समोर बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसतो, म्हणून लिहितेय.

आपलं मर्जान हॉटेल परत उघडलंय. पूर्वीचा जुगाराचा कसिनो नाही. आता तिथे फ्रान्समधली म्हातारी माणसं ठेवतात, ज्यांच्या मुलांना वेळ नाही अशी. मी नोव्हेंबरपासून तिथल्या शिवणखोलीत आहे. आजीचीच खोली, तीच समुद्राकडची खिडकी. मी म्हाताऱ्यांच्या कपड्यांवर नावं शिवते.

गेल्या आठवड्यात खालचं कपाट रिकामं करताना काळी जाकिटं सापडली, अडतीस. सगळ्यांचे खिसे शिवून बंद केलेले. आधी मला वाटलं, हे काय खूळ. मग पहारेकरी बशीरकाकांनी सांगितलं की जुगाराच्या टेबलावर काम करणाऱ्याला खिसा ठेवूच देत नसत, पैसे लपवील म्हणून. फक्त एका जाकिटाचा खिसा उघडा आहे. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने तुमचं नाव आहे. आणि खिशात खजुराची बी आहे, वाळून लाकूड झालेली.

गावात तुमच्याबद्दल काय बोलतात ते तुम्हाला माहीत असेल. घरात तर तुमचं नाव निघत नाही. लहानपणी मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, त्याने हॉटेलात हात मारला आणि पळाला. लिहायला लाज वाटतेय, पण न लिहिता कसं विचारू?

जाकीट ठेवू की टाकू? आजीला काही सांगितलेलं नाही. तिचं हृदय थकलंय, पाय सुजतात. डॉक्टरांनी जिना बंद केलाय.

उमैमा


मार्सेय, १४ जानेवारी

पोरी उमैमा,

तुझं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा रडू नकोस. आणि फतहीच्या पोराला सांग, मी ओरडत नाही, शिट्टी वाजवतो.

मर्जान परत उघडलं म्हणतेस. ते कितव्यांदा, हे विचार कुणाला तरी. आमच्या आईच्या वेळी तिथे फ्रेंच बायका समुद्रस्नानाला यायच्या आणि आई त्यांचे टॉवेल धुवायची. मग राज्य आपलं आलं, तिथे मुलींना शिवण शिकवायला लागले. ज्या हॉलमध्ये मी पुढे जुगाराचं चाक फिरवलं, त्याच हॉलमध्ये वीस मशिनी होत्या आणि तुझी आजी तिसऱ्या रांगेत बसायची. मी सात वर्षांचा, तिच्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचो. मग मशिनी गेल्या, झुंबरं आली, आणि दारावर पाटी लागली की आपल्या देशाच्या माणसांना खेळायला प्रवेश नाही. आपली माणसं आत जायची ती गणवेशात. मी गेल्यावर त्या जागेने अजून काय काय सोंगं घेतली ते तू कळव.

खिशांचं बशीरने बरोबर सांगितलं. आणखी एक नियम होता. टेबल सोडताना दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर, मग खाली, छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे की हे बघा, रिकामा चाललोय. ती सवय मेली जात नाही. अजून जेवून उठताना माझे हात आपोआप तसे होतात. लग्न झाल्यावर वर्षभर बायको समजत होती की मी जेवणानंतर दुआ मागतो. तिने माहेरी सांगितलं, जावई फार धार्मिक आहे.

आता तुझ्या जाकिटाचं. तो खिसा मी ब्लेडने उघडला होता. पकडला गेलो, काढून टाकलं, विषय संपला. बी समुद्रात फेक, जाकिटाची फरशी पुसायला चिंधी कर. आजीला दाखवू नकोस. थकलेल्या माणसाला जुनी चिरगुटं कशाला?

लस्साद


रास मलाह, ३० जानेवारी

मामाआजोबा,

मी तुमचं ऐकलेलं नाही. रागावू नका.

तुमचं ब्लेडचं खोटं आहे. मला दुसरं काही येत नाही पण शिवण येतं. ब्लेड मारलं की दोऱ्याची टोकं राहतात, कापडाला भोकं राहतात. इथे भोकंच नाहीत. दोन बोटं जातील एवढं तोंड सोडून बाकीचा खिसा शिवलाय, आणि सोडलेल्या कडेला काज करतो तसा टाका घेतलाय, सुतं निघू नयेत म्हणून. शेवटची गाठ उलटी. उलटी गाठ मारणारं रास मलाहमध्ये एकच माणूस आहे आणि तिनेच मला शिकवलंय.

तुम्ही हॉटेलचं विचारलंत. सरकार पडलं त्या हिवाळ्यात पोरांनी दारं फोडली आणि खुर्च्या नेल्या. फतहीच्या दुकानात दोन आहेत अजून, लाल मखमलीच्या, दाढीला तिथेच बसवतो. मग लिबियातून पळून आलेली माणसं राहिली, हॉलभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायची. मग परत हॉटेल झालं, पण पाहुणे यायचे बंद झाले. कोरोनात आजारी लोकांना कोंडलं. आणि आता हे. हॉलमध्ये सोळा खाटा आहेत. तुमचं चाक जिथे होतं तिथली फरशी गोल आणि जरा फिकट आहे, नर्सबाई तिथे औषधांची गाडी उभी करतात. ओदिल म्हणून एक बाई आहेत, त्या पूर्वी नवऱ्याबरोबर खेळायला यायच्या. आता रोज सकाळी साखरेचे खडे मेजाच्या कापडावर मांडतात आणि वाट बघत बसतात. कसली, ते कोणाला कळत नाही.

ही माणसं खिशात पाव लपवतात, मग मुंग्या होतात. म्हणून इथल्या मुख्य बाईंचा हुकूम आलाय की सगळ्यांचे खिसे शिवून टाक. मी शिवतेय.

खरं सांगायचं ते राहिलंच. काल मी जाकीट घरी आणून आजीच्या मांडीवर ठेवलं. तिने दोन बोटं खिशात घातली, बी काढली, बघितली, परत आत ठेवली. संध्याकाळी म्हणाली, फोन घे, मी सांगते ते लिही, तुझ्या मनाचं काही घालू नकोस. खाली आहे ते तिचं आहे.


लस्साद,

मी मनूबिया बोलतेय.

तुला अजून गार फरशी सोसत नाही का? तलावाला तर सगळी फरशीच असेल. उमैमा, हे नको लिहूस. लिहिलंस? बरं, राहू दे.

ते वर्ष थंडीतल्या रमजानचं. संध्याकाळची बांग पावणेसहाच्या सुमाराला व्हायची. तुझ्या बदलीचा माणूस आधी स्वतः खाली जाऊन रोजा सोडायचा, शोर्बा प्यायचा, सिगारेट ओढायचा, मग सावकाश वर यायचा. तोवर तू टेबलावर उभा, तोंडात पाणी नाही. तिसऱ्या दिवशी तू चक्कर येऊन पडलास आणि साहेब म्हणाले, पुन्हा पडला तर घरी बसव. पाचव्या दिवशी मी तुझा खिसा शिवताना दोन बोटं सोडली. चांगला निवडून एक खजूर ठेवला. जाकीट चढवताना तुझ्या हाताला लागला. तू माझ्याकडे बघितलंस, मी कात्रीकडे बघितलं. एवढंच आपलं बोलणं.

तीन आठवडे कुणाला कळलं नाही. मग कॅमेऱ्यात तुझा हात खिशाकडे जाताना दिसला. त्या आठवड्यात टेबलावर पैशाऐवजी लावतात ती एक चकती हरवली होती, त्यांना कुणीतरी पाहिजेच होतं. मला बोलावलं. विचारलं, हा खिसा असा कसा? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, मी ब्लेडने उघडला, हिचा संबंध नाही.

मी दारात उभी होते. कात्री हातातच होती. तेवढ्यात मी बोलू शकले असते. घरी चार पोरं, नवरा बोटीवर. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी गप्प राहणं सोपं गेलं, तिसऱ्या दिवशी आणखी सोपं. हमामात बायका माझ्यासमोर तुला चोर म्हणायच्या आणि मी टाचा घासत बसायचे. त्यानंतर सोळा वर्षं मी त्याच खिडकीशी बसून लोकांचे खिसे शिवले. एकाचाही टाका सैल सोडला नाही.

माफी मागत नाही, तिची वेळ गेली. एकच विचारते. माझ्या गप्प बसण्याने तुझं वाटोळं झालं का? झालं असेल तर झालं म्हण, मी ऐकून घेईन. पण सांग. आणि जमलं तर ये एकदा. मला आता कुठे जाता येत नाही, मी दारात खुर्ची टाकून बसलेली असते.


रास मलाह, २० फेब्रुवारी

मामाआजोबा,

तुमचं उत्तर नाही. तलावावर काम असेल.

इथे एक गोष्ट झाली. आजीने परवा फतही न्हाव्याला निरोप पाठवला. त्याला वाटलं केस कापायचेत, पेटी घेऊन आला. आजीने त्याला चहा दिला आणि सरळ सांगितलं की खिसा मी उघडा ठेवला होता, लस्साद चोर नाही, मी खोटी. फतही हसायला लागला, मग तिचं तोंड बघून थांबला. म्हणाला, ताई, एवढ्या वर्षांनी कशाला? आजी म्हणाली, मी मेल्यावर तूच सगळ्यांना सांगशील, निदान बरोबर तरी सांग.

फतहीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. काल पाववाल्याने मला पाव देताना मान खाली घातली. दोन बायका आजीशी बोलत नाहीयेत. आजीला त्याचं काही नाही. ती रोज विचारते, मार्सेयहून काही आलं का? मी म्हणते, नेट चालत नाहीये.

उमैमा


रास मलाह, ६ मार्च

मामाआजोबा,

तिला दवाखान्यात ठेवलं होतं, काल घरी आणलं. छातीत पाणी झालंय. डॉक्टर आईशी बाजूला जाऊन बोलले.

दोन ओळी चालतील. वाटोळं झालं असं लिहिलंत तरी चालेल. तिला उत्तर पाहिजे.

उमैमा


मार्सेय, १७ मार्च

उमैमा, हे तिच्याजवळ बसून मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस.

मनू,

हे पत्र मी अकरा वेळा लिहून पुसलंय. उमैमाचा फोन फुटका आहे, माझा धड आहे, तरी मला तिच्याहून जास्त वेळ लागला.

त्या दिवशी साहेबासमोर मी म्हटलं, खिसा मी उघडला. तुला वाटलं मी तुला वाचवलं. मीही तसंच वाटू दिलं. खरं काय ते ऐक. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला हलकं वाटलं. मला त्या चाकाचा, त्या झुंबरांचा, गणवेश घालून आपल्याच गावात चोरासारखं मागच्या दाराने जाण्याचा वीट आला होता. सहा महिने मार्सेयच्या बोटीचं वेळापत्रक मी गादीखाली ठेवून झोपत होतो. तुला सांगायची छाती नव्हती. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. साहेबाच्या बायकोचे सहा झगे फुकट शिवून तू मला तिथे लावलंस. ते सोडून जातो म्हणायला तोंड नव्हतं. हाकलून दिलं म्हटल्यावर कुणी विचारलं नाही. तू मला दार उघडून दिलंस, तुला माहीत नव्हतं एवढंच.

मग चोर म्हणून निघालो. पहिली दोन वर्षं जड गेली. पुढे ते सोयीचं झालं, मनू. तुझा नवरा गेला तेव्हा मी आलो नाही. नईमाच्या लग्नाला आलो नाही. दरवेळी मनाशी म्हणायचो, कशाला जायचं, तिने माझ्यासाठी एक शब्द उच्चारला नाही. तू दोषी होतीस म्हणून मला यायला लागत नव्हतं. एकोणतीस वर्षं मी तुझा दोष जपून ठेवला, माणूस दागिना ठेवतो तसा.

तू विचारलंस, वाटोळं झालं का? नाही झालं. मला बायको आहे, दोन मुलगे आहेत, एक तर दंतवैद्य झालाय. तलावावर मला मान आहे. हे तुला लिहायला एक दिवस पुरला असता.

आणि खजूर किडका होता, मनू. दरवेळी नाही, त्या शेवटच्या दिवशीचा. मी तो किडीसकट खाल्ला, म्हणून तोंड वाकडं झालं, म्हणून वरच्या माणसाने कॅमेरा माझ्यावर धरला. तू म्हणतेस चांगला निवडला होतास. तुला तेव्हाच चष्मा लागला होता आणि तू कबूल करत नव्हतीस.

बोटीचं तिकीट काढलंय, ३० तारखेचं. खुर्ची दारातच ठेव.

लस्साद

उमैमा, ओदिलबाईंसाठी. खडे मांडून झाले की शेजारी उभी राहून हात आडवा फिरव आणि म्हण, बस, आता लावू नका. चाक फिरू लागलं की पैसे लावणाऱ्यांना आम्ही हेच सांगायचो, त्या त्याची वाट बघतायत.


रास मलाह, २० मार्च

मामाआजोबा,

तुमचं पत्र रविवारी आलं. आजी गुरुवारी गेली. रमजानचा तिसरा दिवस होता. दुपारी दारात खुर्चीत बसली होती, मी आत लसूण सोलत होते. हाक मारली, ओ आली नाही. शुक्रवारी नमाजानंतर नेलं. बशीरकाका व्यायला झालेली घोडी सोडून आले, फतही आला. ज्या दोन बायका बोलत नव्हत्या त्याही आल्या.

मला तुम्हाला एक कबूल करायचंय.

तुमचं उत्तर येईना आणि ती रोज विचारायची. नऊ तारखेला मी तुमच्या नावाने पत्र लिहिलं, मनाचंच, आणि फोनवर आलंय असं सांगून तिला वाचून दाखवलं. त्यात असं होतं:

प्रिय ताई, तुझं पत्र पोचलं. माझं वाटोळं झालेलं नाही. मला तिथे राहायचंच नव्हतं, तू मला जायला दार उघडून दिलंस. खजूर गोड होता. मी येईन. तुझा लस्साद.

ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे लस्सादचं नाही."

मी म्हटलं, त्याचंच आहे.

"लस्साद मला जन्मात ताई म्हणाला नाही. मनू म्हणायचा. त्यासाठी आईचा मार खायचा, तरी मनूच म्हणायचा."

मी फोन उलटा करून ठेवायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. "वाच परत," म्हणाली.

मी परत वाचलं. त्या चार दिवसांत तिने ते सात वेळा वाचून घेतलं. शेवटच्या वेळी मी ताईच्या जागी मनू वाचलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग डोळे परत मिटले.

मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिला काय ऐकायचं असेल ते मी लिहिलं. तेच तुमच्या पत्रात निघालं तेव्हा मी पायरीवर बसूनच राहिले. तुम्ही ते आठ दिवस आधी पाठवलं असतं तर, असं मला सारखं वाटतं. तुम्हालाही वाटत असेल, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुमचं खरं पत्र मी सोमवारी कबरीपाशी वाचलं. मोठ्याने, मधलं काही न गाळता. तिथे माझा आवाज बसला नाही. किडक्या खजुराचं आलं तेव्हा मला हसू फुटलं, मग वाचता येईना, मग थोड्या वेळाने पुढचं वाचलं. चष्म्याचं खरं आहे. ती शेवटपर्यंत कबूल करत नव्हती, सुईत दोरा मीच ओवायचे आणि ती म्हणायची, मी ओवणारच होते.

काल मी ओदिलबाईंजवळ उभी राहिले आणि तुम्ही सांगितलं तसं हात आडवा फिरवून म्हटलं, बस, आता लावू नका. त्यांनी लगेच हात मागे घेतला, एक खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या झग्याचा एक खिसा मी दोन बोटं उघडा ठेवलाय, एक बिस्कीट मावेल एवढा. आणि मग मी स्वतः मुख्य बाईंकडे गेले आणि सांगितलं की मी ठेवलाय. आवाज फुटत नव्हता, दोनदा सांगावं लागलं. बाई चिडल्या. मुंग्यांचं कोण बघणार म्हणाल्या. मी म्हटलं, मी बघीन. अजून मला काढलेलं नाही.

तुम्ही तिकीट परत करू नका. या. गावात आता तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, फतही तर म्हणतो तुमची दाढी फुकट करीन, लाल खुर्चीत बसवून. जेवून उठताना हात दाखवलेत तरी चालेल, इथे त्याला कोणी दुआ समजणार नाही. जाकीट मी धुतलं नाही आणि खिसा शिवला नाही. बी आतच आहे. दारातली खुर्ची मी आत घेतलेली नाही.

आणि हो, आत्ता बशीरकाकांचा पोरगा ओरडत गेला, त्यांची घोडी व्यायली. शिंगरू आहे, मागचे दोन्ही पाय पांढरे.

उमैमा